काही जेवणे वर्षानुवर्षे का आठवतात, आणि ती ठरवून घडवता येतात का?

प्रश्न असा आहे: वर्षाला हजाराच्या आसपास जेवणे होतात, त्यांतील जवळजवळ सगळी विस्मरणात जातात, आणि तरीही एखादे अगदी साधे जेवण, एखादा वास, एखादा स्पर्श मनातून हलत नाही. हे कशामुळे होते? आणि असे अनुभव रोजच्या धबडग्यात ठरवून घडवता येतात का, की ते नशिबाने घडतील तेव्हाच घडायचे?

संवेदी मूल्यमापन हे माझे काम आहे. माणसाची जीभ, नाक, कान, डोळे आणि त्वचा हीच मोजमापाची साधने मानून खाद्यपदार्थ तपासायचे, त्यासाठी चवपरीक्षकांचा गट निवडून तयार करायचा आणि त्यांच्या उत्तरांवरून पदार्थाविषयी निष्कर्ष काढायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. त्यातून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगून टाकतो. असे अनुभव बऱ्याच अंशी ठरवून घडवता येतात, मात्र त्यासाठी लोक जो खटाटोप करतात तो बहुधा भलत्याच जागी केलेला असतो. पदार्थांची संख्या वाढवली जाते, मसाला वाढवला जातो, मांडणीचा थाट वाढवला जातो. इंद्रियांना या वाढीचे फारसे सोयरसुतक नसते. एखादी संवेदना किती तीव्र आहे यापेक्षा ती आधीच्या क्षणाहून किती वेगळी आहे हे त्यांना अधिक चांगले कळते, आणि तो फरक स्मृतीत मुरायचा असेल तर त्या क्षणी लक्ष तिथे असावे लागते. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टींचेच आहे.

सुरुवात नाकापासून करायला हवी, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकात घडतो. नवीन परीक्षकांना आम्ही पहिल्याच दिवशी एक सोपा प्रयोग करायला लावतो, तो कोणालाही घरी करता येईल. नाक बोटांनी घट्ट दाबून धरावे, फळाच्या स्वादाची एक गोळी न पाहता तोंडात टाकावी आणि ती चघळत राहावे. गोड कळते, थोडे आंबट कळते, गोळीचा खडबडीतपणा कळतो, पण ती संत्र्याची की अननसाची हे काही केल्या सांगता येत नाही. मग नाक सोडावे. पहिल्याच उच्छ्वासाबरोबर फळ ओळखू येते, आणि गंमत म्हणजे ते नाकात कळल्यासारखे वाटतच नाही, ते थेट जिभेवर आल्यासारखे वाटते. चघळताना सुटलेले गंधरेणू घशाच्या मागच्या बाजूने वर नाकाच्या पोकळीत पोहोचलेले असतात, पण मेंदू त्यांचे श्रेय तोंडाला देऊन मोकळा होतो. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये वासाचे हे दुहेरीपण नेमके मांडले: नाकपुड्यांतून आत येणारा वास बाहेरच्या जगाची बातमी देतो, आणि घशामागून वर चढणारा वास तोंडातल्या घासाची.

जिभेच्या वाट्याला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या किंवा मश्रूमच्या रश्शात जाणवणारी भरीव चव) एवढ्या पाच मूळ चवी येतात. त्यांतील पाचवी जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेटशी जोडून दाखवली. (टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा जिभेचा जो नकाशा पाठ्यपुस्तकांतून फिरत आला आहे तो विसरून जावा. 1901 च्या एका जर्मन संशोधनात दिसलेल्या किरकोळ फरकांचा पुढे झालेला तो विपर्यास आहे.) नाकात मात्र सुमारे 400 प्रकारचे गंधग्राहक, म्हणजे गंधरेणू ओळखणारी प्रथिने, असतात आणि एकेक गंध त्यांतल्या अनेकांना वेगवेगळ्या जुळणीने चेतवतो, म्हणून नाकाला ओळखता येणाऱ्या गंधांची संख्या प्रचंड होते. या ग्राहकांच्या जनुकांचे कुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये उलगडले, आणि त्या कामाला 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्मृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते याच्या पुढे आहे. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर जातात आणि तिथून मेंदूच्या बाह्य स्तराकडे वळवले जातात. वासाचा संदेश हे ठाणे टाळून गंधकंदातून, म्हणजे नाकाच्या वर असलेल्या मेंदूच्या छोट्या भागातून, गंधाच्या बाह्यकाकडे आणि भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालाकडे जातो, आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून जवळच असतो. एखादा वास आला की नाव सुचण्याआधीच मन भरून येते किंवा अंगावर शहारा येतो, त्याचे एक कारण या रचनेत आहे. वासाने जागी होणारी आठवण सर्वांत अचूक असते असा जो समज आहे तो मात्र खरा नाही. रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे दिसले की वासाने जागवलेल्या आठवणी चित्राने किंवा आवाजाने जागवलेल्या आठवणींपेक्षा अधिक भावनाभारित असतात, आपण पुन्हा त्या जागी जाऊन उभे आहोत असे अधिक वाटायला लावतात, पण तपशिलांत त्या काही अधिक खऱ्या नसतात. स्वीडनमधील योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी 2006 मध्ये वयस्कर लोकांवर केलेल्या अभ्यासात वासाने आलेल्या आठवणी बहुतेक करून आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतील निघाल्या, तर शब्द आणि चित्रे यांनी आलेल्या आठवणी अकरा ते वीस या वयातील अधिक होत्या. याचा व्यावहारिक अर्थ असा की घरात लहान मूल असेल, तर त्याच्या पुढच्या साठ वर्षांच्या गंधस्मृतींचा साठा आत्ता भरतो आहे. त्याला पानावरून लवकर उठवण्याची घाई करण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आता फरकाच्या मुद्द्याकडे येतो. नाक सतत येणारा वास फार लवकर सोडून देते. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच फोडणीचा वास येतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याला तो येईनासा झालेला असतो. आमच्याकडे सलग नमुने हुंगणाऱ्या परीक्षकाला मधेच थांबवून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायला सांगतात. स्वतःच्या त्वचेच्या वासाला नाक सरावलेले असते, म्हणून तो जवळजवळ शून्यासारखा वाटतो आणि पुढच्या नमुन्याला कोरे मैदान मिळते. दोन नमुन्यांच्या मधे साधे पाणी आणि बेचव बिस्कीट द्यायचे, प्रत्येक नमुना ठरलेल्या तापमानालाच द्यायचा, त्याच्यावर नावाऐवजी तीन आकडी यादृच्छिक क्रमांक टाकायचा, हे सगळे सोपस्कार फरक स्वच्छ कळावा यासाठीच असतात.

जेवताना याच प्रकाराला आणखी एक पदर असतो. एकच पदार्थ खात गेले की त्या पदार्थाची गोडी कमी होते, पण न खाल्लेल्या पदार्थांची तेवढी होत नाही. म्हणून गळ्यापर्यंत जेवलेला माणूस गोडासाठी पुन्हा हात पुढे करतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ही संवेदनानिहाय तृप्ती प्रयोगांनी दाखवली. ही तृप्ती आठवणीवर अवलंबून आहे का, हे पाहण्याची संधी गंभीर स्मृतिलोप झालेल्या रुग्णांमुळे मिळाली. रोझिन यांच्या गटाने 1998 मध्ये असे नोंदवले की अशा रुग्णांपुढे पहिल्या जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत दुसरे जेवण ठेवले, तर ते तेही जेवतात, कारण आपण जेवलो हेच त्यांच्या लक्षात नसते. दहा वर्षांनी सुझॅन हिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच रुग्णांत पाहिले, तर नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाची गोडी त्यांच्यातही नेहमीसारखीच उतरलेली होती. म्हणजे जीभ-नाकाचा कंटाळा आणि जेवणाची स्मृती ही दोन वेगळी खाती आहेत. जेवण स्मरणीय करायचे तर दोन्ही सांभाळावी लागतात.

पहिल्या खात्यासाठी उपाय सोपा आहे. एखाद्या पदार्थाचे पहिले तीन-चार घासच काय ते सांगून जातात, पुढचे घास बहुतांशी पोट भरण्याचे असतात. तेव्हा दहा पदार्थ एकाच मऊपणाचे आणि एकाच तापमानाचे वाढण्यापेक्षा दोनच वाढावेत, पण त्यांच्यात विरोध असावा. मऊच्या जोडीला कुरकुरीत, गरमच्या जोडीला गार, स्निग्धाच्या जोडीला आंबट. तोंडी लावायला घेतलेली एवढीशी आंबट फोड पुढच्या घासाला पुन्हा पहिल्या घासाची टवटवी देते, आणि हे काम दुप्पट तूप किंवा दुप्पट साखर कधीच करत नाही.

तापमानाकडे घरोघरी जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेही होत नसावे. गोडाची संवेदना पेशीत पुढे नेणारी टीआरपीएम-5 ही वाहिनी उष्णतेला प्रतिसाद देते. 15 ते 35 अंश सेल्सिअस या टप्प्यात तापमान वाढेल तसा तिचा प्रतिसाद वाढतो, असे 2005 मध्ये दाखवले गेले. गार असताना बेताचे गोड लागणारे आइस्क्रीम वितळल्यावर मिट्ट गोड का लागते, त्याचे उत्तर यात आहे. तिखट आणि थंडावा या तर जिभेच्या चवीच नव्हेत. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राहकाला चेतवते तोच ग्राहक साधारण 43 अंशांच्या पुढची, म्हणजे पोळणारी, उष्णता ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये तो शोधला आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा आहे. पुदिन्यातील मेंथॉल अशाच रीतीने थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला फसवते. त्यामुळे वाफाळत्या पदार्थात तिखट अधिक झोंबते, आणि तोच पदार्थ कोमट झाला की तितका झोंबत नाही. पाहुण्यांसाठी पाककृती बदलण्याआधी पदार्थ किती गरम असताना पानात पडतो हे एकदा पाहावे, असा माझा आग्रह असतो.

कानाचा भाग लोकांना पटत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सांगतो. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी लोक बटाट्याचे वेफर्स चावत होते आणि त्या चावण्याचा आवाज त्यांना हेडफोनमधून परत ऐकवला जात होता. आवाज मोठा केला, किंवा त्यातील 2 किलोहर्ट्झच्या वरच्या कंप्रता उठावदार केल्या, की तेच वेफर्स त्यांना अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटत. या कामाला 2008 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे गमतीदार पारितोषिक, मिळाले, आणि लोक त्याला हसले तरी खाद्य उद्योगाने ते पुरेशा गांभीर्याने घेतले. उलट बाजूही आहे. विमानातील घरघर साधारण 85 डेसिबलच्या आसपास असते, आणि मोठ्या आवाजात गोड कमी जाणवते, तर उमामी मात्र तशी दबत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यात केबिनच्या कोरड्या हवेने नाकही मंदावते. जेवणाच्या खोलीतील मिक्सर, एक्झॉस्ट फॅन आणि बातम्यांचा कल्लोळ बंद करणे ही पदार्थ सुधारण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

डोळ्यांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांची दादागिरी सर्वांना ठाऊक आहे. बोर्दो येथील संशोधकांनी 2001 मध्ये पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना दिली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. आमच्या चाचणी कक्षांत रंगातील फरक लपवण्यासाठी कधी कधी लाल दिवे लावतात, ते याच धास्तीने.

लक्ष देण्याचा मुद्दा मात्र तपशिलात घ्यायला हवा, कारण बहुतेक जेवणे विसरली जाण्याचे कारण त्यांच्या सुमारपणात नसते. ती मुळात नोंदलीच गेलेली नसतात. ब्रिस्टल विद्यापीठात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना नऊ लहान पदार्थांचे जेवण दिले. काहींनी ते जेवताना संगणकावर पत्त्यांचा खेळ खेळला, काहींनी नुसते जेवण केले. खेळणाऱ्यांना नंतर पदार्थांचा क्रम नीट आठवला नाही, पोट भरल्याची जाणीव कमी झाली आणि अर्ध्या तासाने त्यांनी बिस्किटेही अधिक खाल्ली. हिग्ज आणि त्यांच्या सहकारी यांनी 2009 मध्ये दूरचित्रवाणी पाहत दुपारचे जेवण घेणाऱ्या तरुणींबाबत असेच नोंदवले. येथे कोणी म्हणेल की जेवताना फोन दूर ठेवा हे आजीही सांगते. खरे आहे, पण आजीचा रोख शिस्तीवर असतो आणि माझा स्मृतीवर आहे. पूर्ण जेवण मौनात करावे असे मी म्हणत नाही. पहिल्या काही घासांपुरते लक्ष तिथे असले तरी पुष्कळ होते, आणि पुढे गप्पा झाल्या तर उत्तमच, कारण त्या गप्पाही आठवणीला धागा पुरवतात.

छायाचित्रांचे काय, असे मला बरेचदा विचारले जाते. 2017 मधील एका अभ्यासात स्वखुशीने छायाचित्रे काढणाऱ्यांना दिसलेल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवल्या, पण ऐकलेल्या गोष्टी कमी आठवल्या. लक्ष डोळ्यांकडे वळले की ते दुसरीकडून काढून घेतले जाते. जेवणाच्या बाबतीत हा सौदा तोट्याचा आहे, असे माझे मत आहे. पदार्थ कसा दिसला हे आठवेल, पण गरम भांड्याचे झाकण काढताना आलेला पहिला वाफेचा लोट तेवढ्यात निघून गेलेला असेल. काढायचेच असेल तर एक छायाचित्र काढावे आणि ते दोन घास खाऊन झाल्यावर काढावे.

शेवट चांगला तर सगळे चांगले, हा नियमही जेवणाला सरसकट लावता येत नाही. तो आला डॅनियल काहनेमन यांच्या 1993 च्या प्रयोगावरून. त्यात 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवण्यापेक्षा, तेवढेच करून वर 30 सेकंद किंचित कमी गार पाण्यात हात ठेवणे बहुतेकांनी पुन्हा करण्यासाठी निवडले होते, कारण त्याचा शेवट कमी त्रासाचा होता. रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हेच जेवणाला लावून पाहिले, तेव्हा आवडत्या पदार्थाचा वाटा लहान की मोठा याचा आठवणीवर परिणाम झाला नाही, पण तो शेवटी आला म्हणून फारसा फायदाही झाला नाही. 2014 मध्ये एमिली गार्बिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकाच पदार्थाबाबत मात्र शेवटाचा परिणाम स्पष्ट दिसला: मोठा वाटा खाणाऱ्यांच्या मनात शेवटचे कंटाळवाणे घास राहिले, आणि तो पदार्थ पुन्हा खावासा वाटायला त्यांना अधिक दिवस लागले. मी यातून एवढेच घेतो की बेत ठरवताना शेवटी काय ठेवावे याची फार चिंता करू नये, पण आवडता पदार्थ नकोसा होईपर्यंत आग्रहाने वाढू नये. एखाद्या पदार्थाची आठवण पुरती बिघडवायला एक प्रसंग पुरतो, हेही येथे सांगायला हवे. खाल्ल्यानंतर काही तासांनी मळमळ झाली तर त्या चवीचा तिटकारा वर्षानुवर्षे टिकतो, मग आजाराचे कारण भलतेच असले तरीही. जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये उंदरांत ते दाखवले. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून त्याचा सर्वांत आवडता पदार्थ करून घालू नये, असे मी सांगतो ते यासाठी.

जेवणाबाहेरच्या अनुभवांनाही हेच लागू पडते. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात मांडलेले उदाहरण आजही तितकेच बोलके आहे: एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात बुडवले, तर एका हाताला तेच पाणी गार लागते आणि दुसऱ्याला गरम. पहिल्या पावसाचा वास लक्षात राहतो तो दीर्घ कोरड्या काळानंतर येतो म्हणून. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 1964 मध्ये त्याला पेट्रिकोर हे नाव दिले. त्यातील मातकटपणा जिओस्मिन या द्रव्याचा असतो, ते जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात, आणि माणसाचे नाक ते लाख कोटी भागांत पाचेक भाग इतक्या अल्प प्रमाणातही ओळखते. 2015 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले की सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. हे मुसळधार पावसापेक्षा हलक्या किंवा मध्यम सरीत अधिक होते. म्हणून वास घ्यायचा तर सर सुरू होताच खिडकी उघडावी. जोर धरल्यावर उघडून फारसे हाती लागत नाही.

नोंदी ठेवाव्यात का, या प्रश्नाचे माझे उत्तर सावध आहे. जोसेफ मेल्चर आणि जोनाथन स्कूलर यांच्या 1996 च्या प्रयोगात वाइन पिण्याची सवय असलेल्या, पण प्रशिक्षण न घेतलेल्या लोकांना चाखलेल्या वाइनचे शब्दांत वर्णन करायला लावले, तर नंतर तीच वाइन ओळखणे त्यांना अधिक कठीण गेले. तज्ज्ञांचे तसे झाले नाही. शब्द तोकडे असले की ते संवेदनेची जागा घेतात. त्यामुळे लगेच वर्णन लिहायला बसू नये. आधी नाक तयार करावे, आणि त्याची रीत अवघड नाही. वासाची जाणीव गेलेल्या रुग्णांसाठी ड्रेस्डेनमधील थॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 मध्ये एक पद्धत मांडली, तीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे हुंगायचे असतात. कोविडच्या साथीनंतर ती जगभर वापरली गेली. निरोगी नाकालाही हा सराव चालतो. चार सारख्या डब्या घ्याव्यात, नाव तळाशी लिहावे, प्रत्येकीचा वास लहान लहान श्वासांनी घ्यावा, आधी तो कोणत्या वासाच्या जवळचा वाटतो ते मनाशी ठरवावे आणि मगच डबी उलटून पाहावी. डब्यांचा क्रम दुसऱ्या कोणाकडून रोज बदलून घ्यावा, नाहीतर नाकाच्या आधी हाताला जागा पाठ होतात.